छंदोमय चित्रकार : पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर

भाग्यनगराच्या ज्या भागात आपला मठ आहे, त्या आबिड्सला हे नाव एका दुकानावरून मिळाले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खासगी सेवेत असलेल्या आल्बर्ट आबिद नावाच्या गृहस्थाने येथे दुकान थाटले. पुढे दुकान गेले, मालक गेला, नाव तेवढे चौकाला चिकटून राहिले. त्याच महबूब अली खानांच्या कारकीर्दीत, इ. स. १९०० च्या सुमारास, मुंबईच्या कलाशाळेत शिकून तयार झालेला कोकणातील एक चित्रकार या शहरात उतरला. वय तेहेतीसच्या आसपास, हाती कुंचला, जोडीला छायाचित्रणाची विद्या आणि पाठीशी घरातील वेदपठणाचा संस्कार, एवढे त्याचे भांडवल होते. सुमारे सात वर्षांनी त्याने हे शहर सोडले, तेव्हा चित्रकार म्हणून आलेला तो पुरुष वेदाभ्यासक म्हणून बाहेर पडला. वेदमूर्ती पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर ते हेच.

आपल्या मठाच्या भाविकांना पंडितजींचे नाव अपरिचित नाही. कोणाच्या घरी ‘संस्कृत स्वयंशिक्षक’चे सुटे भाग असतात, कोणाच्या घरी गीतेवरील ‘पुरुषार्थबोधिनी’ टीका असते, कोणाच्या देवघरात स्वाध्याय मंडळाने छापलेली संहितेची प्रत असते. मी स्वतः ‘स्वयंशिक्षक’चा पहिला भाग विकत घेतला तो आबिड्सच्याच पदपथावर, रविवारी भरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात. त्या वेळी मी पाठशाळेत नुकताच दाखल झालो होतो. वर्गात पाठ चालू असता वहीच्या समासात वेलपत्ती काढण्याची मला खोड होती. एका अध्यापकांनी एके दिवशी ती वही सर्वांसमोर उचलून धरली आणि वेद शिकावयाचा की नक्षी काढावयाची, हे आधी ठरव, असे बजावले. मी नक्षी सोडली. पुढे पुष्कळ वर्षांनी पंडितजींच्या आयुष्याची हकीकत समग्र समजली, तेव्हा तो निर्णय फार लवकर घेतला असे वाटू लागले.

कारण पंडितजींचे चरित्र सांगतानाही नेमके हेच घडते. त्यांच्या आयुष्याचे दोन तुकडे पाडले जातात. पहिला चित्रकाराचा, दुसरा वेदभाष्यकाराचा. आणि पहिला जणू दुसऱ्यासाठी टाकून द्यावयाचा होता, अशा रीतीने तो चार ओळींत उरकला जातो. मला हे मान्य नाही. चित्रातील लय आणि मंत्रातील छंद ही एकाच तत्त्वाची दोन रूपे होत, आणि पंडितजींनी एकातून दुसऱ्यात प्रवेश केला तो घर सोडून नव्हे, तर त्याच घराच्या आतल्या दालनात जावे तसा. हे माझे मत आहे. ते बरोबर की चूक, हे वाचकांनी पुढील वृत्तान्तावरून ठरवावे.

पंडितजींचा जन्म १९ सप्टेंबर १८६७ रोजी सावंतवाडी संस्थानातील कोलगाव येथे झाला. घराणे वैदिक. पहाटेच्या वेळी कानांवर पडणारा ऋचांचा चढउतार हाच अशा घरातील मुलाचा पहिला पाठ असतो. अर्थ कळावयास पुष्कळ अवधी लागतो, पण कोठे थांबावयाचे, कोठे स्वर उचलावयाचा, हे जिभेला आधी कळते. सावंतवाडीत त्यांनी संस्कृताचे रीतसर अध्ययन केले. याच गावी चित्राचीही एक जुनी परंपरा होती व आहे. सावंतवाडीचे लाखकाम आणि तेथील गंजिफा प्रसिद्ध आहेत. दशावतारी गंजिफेच्या संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे एकंदर एकशे वीस वाटोळी पाने असतात. राजा व प्रधान यांची दोन पाने वगळता उरलेल्या दहा पानांवर त्या अवताराचे चिन्ह एकापासून दहापर्यंत वाढत जाते. वाटोळ्या पानावर एक मासा बसविणे सोपे. सात मासे बसवावयाचे म्हणजे मधल्या मोकळ्या जागेचाही विचार करावा लागतो. चिन्ह तेच, आकार तोच, फक्त अंतर आणि रचना बदलते, आणि त्या बदलामुळे खेळणाऱ्याचा डोळा मोजण्यापूर्वीच संख्या ओळखतो. आवृत्ती, अवकाश आणि बेताचा पालट या तीन गोष्टींतून चित्रात लय उत्पन्न होते. सावंतवाडीच्या चिताऱ्यांना ही गोष्ट कोणी ग्रंथातून शिकविलेली नव्हती.

सावंतवाडीतच आरंभीचे कलाशिक्षण घेऊन पंडितजी मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाले. एकोणिसाव्या शतकाचे ते अखेरचे दशक होते. ज्यांनी पुढे एकेचाळीस वर्षे त्या शाळेत काढली ते महादेव विश्वनाथ धुरंधर याच काळातले. शाळेची शिकवण पाश्चात्त्य वळणाची होती. ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवावयाच्या आणि छायाप्रकाशाने त्यांचा उठाव कागदावर आणावयाचा, हा पाया. पण याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या होत्या, आणि ग्रिफिथ्स १८९५ पर्यंत शाळेत होते. तेव्हा एका बाजूस प्लास्टरचा मेनेलाउस आणि दुसऱ्या बाजूस अजिंठ्याचा पद्मपाणी, अशा दोन गुरूंमध्ये त्या पिढीतील विद्यार्थी वाढले. पंडितजींना तेथे प्रतिष्ठेचे मेयो पदक मिळाले. रेखन, रंगकाम आणि मूर्तिकाम या तिन्हींत त्यांचा हात तयार झाला.

या दोन गुरूंमधील फरक थोडा उलगडून सांगितला पाहिजे, कारण पुढील सर्व कथा त्यावर उभी आहे. प्लास्टरच्या मूर्तीपुढे बसलेला विद्यार्थी वस्तू कशी दिसते हे शिकतो. अजिंठ्याच्या भिंतीपुढे उभा असलेला विद्यार्थी रेषा कशी चालते हे शिकतो. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे मस्तक एका बाजूस कलले आहे, स्कंध दुसऱ्या बाजूस, कटी पुन्हा पहिल्या बाजूस. त्रिभंग म्हणतात तो हा. पाहणाऱ्याचा डोळा मुकुटापासून निघतो, भुवयांच्या कमानीवरून घसरतो, हातातील कमळापाशी क्षणभर विसावतो आणि पुन्हा वर जातो. दुसऱ्या लेण्यात बुद्धांच्या लहान लहान आकृतींच्या ओळीच्या ओळी भिंतीवर रंगविल्या आहेत. बैठक एक, प्रमाण एक. तरीही ती भिंत कंटाळवाणी होत नाही, कारण रंग आणि बारकावे आलटूनपालटून येतात. गवयाने एकच बोल वेगवेगळ्या वजनाने म्हणावा, तसे ते काम आहे.

आपल्या शास्त्रकारांना या गोष्टीचे विस्मरण कधीच नव्हते. विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मार्कंडेय मुनींकडे मूर्तिशास्त्र शिकावयास जातो. मुनी त्याला सांगतात की, मूर्ती समजण्यास आधी चित्र समजले पाहिजे, चित्रासाठी नृत्त, नृत्तासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत. छिन्नी धरावयास आलेल्या राजाला मुनींनी शेवटी गाण्याच्या वर्गात नेऊन बसविले! शिल्पशास्त्रातील मापाचा शब्दही याची साक्ष देतो. मूर्तीची उंची ज्या परिमाणाने मोजतात त्याचे नाव ताल. बारा अंगुळांचा एक ताल, म्हणजे सामान्यतः मूर्तीच्या मुखाची लांबी. नवताल मूर्ती एकशे आठ अंगुळांची. हाच शब्द मृदंगावर वाजतो आणि हाच दगडात उतरतो. मुखाचे एकच माप छातीत, उदरात, मांडीत पुन:पुन्हा आले म्हणजे दगडाची मूर्ती डोळ्याला ठेक्यात उभी राहिल्यासारखी भासते.

असो. पंडितजी हैदराबादेस आले तेव्हा येथे चित्रकाराला काम पुष्कळ होते. अमीर-उमराव, जहागीरदार, राज्यातील अधिकारी यांना आपली व्यक्तिचित्रे हवी असत. राजा दीनदयाळ यांच्या छायाचित्रांनी त्या वर्गाला स्वतःची प्रतिमा पाहण्याची गोडी लावली होती. पंडितजींनी येथे चित्रशाळा काढली, चित्रकला व छायाचित्रण या दोन्ही व्यवसायांत जम बसविला आणि उत्तम अर्थार्जन केले. दरबारी व्यक्तिचित्र हे लयीच्या दृष्टीने अवघड काम असते. शेरवानीच्या गुंड्यांची सरळ ओळ, गळ्यातील मोत्यांचे एकाखाली एक लोंबणारे सर, दस्ताराचे पेच, तलवारीच्या पट्ट्याची तिरकी रेघ, हे सर्व आधीच ठेका धरून बसलेले असते. कच्चा चित्रकार त्यात हरवतो आणि चेहरा मागे पडतो. जाणता चित्रकार ती सर्व आवर्तने चेहऱ्याकडे वळवून आणतो. या शहराने पंडितजींना असा सराव सात वर्षे दिला.

पण याच शहराने त्यांना दुसऱ्या दिशेनेही ओढले. हैदराबादेत आर्यसमाजाची शाखा १८९२ पासून होती. तिच्या सहवासात पंडितजींच्या वेदाध्ययनाला नवे वळण लागले. स्वामी दयानंदांच्या ग्रंथांचे त्यांनी मराठीत भाषांतर केले, ठिकठिकाणी व्याख्याने दिली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी येथे मराठी शिक्षणाची जी ज्योत लावली, त्या विवेकवर्धिनी संस्थेच्या आरंभीच्या उद्योगाशीही पंडितजींचा संबंध होता. निजामी राजवटीत मराठी मुलांना मराठीतून शिकता यावे म्हणून जी माणसे झटली, त्यांत एक चित्रकारही होता, ही गोष्ट या शहरातील आम्हां मराठी माणसांनी ध्यानात ठेवावी अशी आहे.

घरात ऐकलेला वेद आणि आता अभ्यासाने पाहिलेला वेद यांत अंतर होते. लहानपणी तो केवळ कानाचा विषय होता. चित्रकाराने तो पुन्हा हाती घेतला तेव्हा त्याला काय दिसले असेल, याचा विचार मी पाठशाळेत बसून अनेकदा केला आहे. गायत्री छंदाचे तीन चरण, प्रत्येकी आठ अक्षरे, एकूण चोवीस. अनुष्टुभाचे चार चरण, बत्तीस अक्षरे. त्रिष्टुभाचा चरण अकरा अक्षरांचा, जगतीचा बाराचा. चार चरणांची रचना चौरंगासारखी स्थिर बसते. तीन चरणांची रचना बसत नाही, ती पुढे पाऊल टाकते. गायत्रीच्या जपाला जो प्रवाह येतो तो मला या तीनपणातून येतो असे वाटते. त्रिष्टुभाच्या अकरा अक्षरांत चौथ्या किंवा पाचव्या अक्षरानंतर जो यती येतो, तो चित्रातील मोकळ्या जागेसारखा आहे. तेथे काही नसते, पण ते नसणे काढून घेतले तर चरण कोसळतो.

याहूनही विलक्षण गोष्ट विकृतिपाठांची. संहितेचे शब्द जसेच्या तसे टिकावेत म्हणून आपल्या पूर्वजांनी पदांची उलटसुलट गुंफण करून म्हणण्याच्या आठ रीती बसविल्या. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन ही त्यांची नावे. भाविकांनी ही नावे पुन्हा एकदा वाचावीत. वेणी, माळ, शेंडी, रेघ, पताका, काठी, रथ! आठांतील सात नावे सरळसरळ डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंची आहेत. म्हणण्याच्या प्रकारांना ऐकण्याची नावे न देता पाहण्याची नावे का दिली? घनपाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे असा क्रम लागतो आणि मग दुसऱ्या पदापासून हेच चक्र पुन्हा सुरू होते. हे आकडे कागदावर एकाखाली एक लिहून पाहावेत; पैठणीच्या काठावरची नक्षी समोर उभी राहते. ज्यांनी ही गुंफण रचली त्यांनी ती आधी मनाच्या डोळ्याने पाहिली असली पाहिजे. ऐतरेय ब्राह्मणात तर शिल्पांविषयी असे सांगितले आहे की, मानवी शिल्पे ही दैवी शिल्पांची अनुकृती होत आणि त्यांच्या योगे यजमान स्वतःला छंदोमय करून घेतो. शिल्प घडविताना मनुष्य दगड घडवीत नाही, स्वतःला छंदात बसवितो, हे त्याचे तात्पर्य. ज्याने दहा-पंधरा वर्षे रेषेची चाल हातात मुरविली आहे, त्याला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही.

हैदराबादेतील दिवस फार काळ टिकले नाहीत. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातील त्रेसष्ट मंत्रांचे भूमिसूक्त हे पंडितजींना वैदिक राष्ट्रगीत वाटले आणि त्यावर त्यांनी पुस्तिका लिहिली. मातृभूमीचे स्तवन करणारे ते मंत्र परकीय सरकारला रुचणे शक्य नव्हते. पुस्तिका जप्त झाली. संस्थानावर इंग्रजांचे दडपण आले आणि १९०७ च्या सुमारास पंडितजींना जमलेला व्यवसाय टाकून हे शहर सोडावे लागले. मुसेला तो भयंकर पूर आला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. येथून ते हरिद्वारजवळच्या गुरुकुल कांगडीस गेले. इकडे कोल्हापूरच्या प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकरांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवरील त्यांचा लेख १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. विजापूरकरांना कारावास भोगावा लागला. पंडितजींनाही गुरुकुलातून पकडून कोल्हापुरास आणले गेले. काही काळ बंदिवास सोसून ते सुटले.

तेथून ते लाहोरास गेले आणि पुन्हा चित्रशाळा थाटली. ही गोष्ट चरित्रे सांगणारे घाईने ओलांडतात, पण ती महत्त्वाची आहे. वेदांसाठी ज्याने तुरुंग पाहिला त्याने बाहेर येताच कुंचला उचलला, आणि सुमारे नऊ वर्षे तोच त्याच्या निर्वाहाचे साधन राहिला. दिवसा चित्र आणि छायाचित्र, उरलेल्या वेळी वेद, असा त्यांचा क्रम होता. चित्रकार मागे पडला असता तर या नऊ वर्षांचा हिशेब लागत नाही.

१९१८ मध्ये पंडितजी औंधास आले. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. १९०९ मध्ये ते गादीवर आले आणि १९१६ मध्ये त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध झाले. पुढे अजिंठ्याच्या चित्रांवरही त्यांनी ग्रंथ लिहिला. वेद जाणणारा चित्रकार आणि चित्र काढणारा राजा असा हा योग होता. औंधात पंडितजींनी स्वाध्याय मंडळाचे कार्य उभारले. ‘वैदिक धर्म’ हे हिंदी आणि ‘पुरुषार्थ’ हे मराठी मासिक चालविले. चारही वेदांच्या संहिता शुद्ध स्वरूपात आणि सामान्य माणसाला परवडतील अशा किमतीत छापल्या.

येथे कुंचला हळूहळू मागे पडला हे खरे. परंतु स्वाध्याय मंडळाची छापील संहिता ज्याने एकदा डोळे उघडून पाहिली असेल, त्याने सांगावे की त्या पानात चित्रकार नाही! ऋग्वेदाच्या मुद्रणात अनुदात्ताची आडवी रेघ अक्षराच्या खाली, स्वरिताची उभी रेघ अक्षराच्या वर, आणि उदात्त मोकळा. सामवेदात तर अक्षरांच्या डोक्यावर आकडे बसतात. शिशाच्या टाइपात ही चिन्हे अक्षराच्या नेमक्या जागी बसविणे म्हणजे जुळाऱ्याची कसोटी. रेघ एका अक्षराने सरकली की स्वर चुकला, आणि स्वर चुकला की मंत्र गेला. एवढे सांभाळून पानाच्या ओळी दाटूही नयेत आणि विसकटूही नयेत, हे काम नुसत्या व्याकरणाने साधत नाही. ऋचा म्हणता न येणाऱ्या मनुष्याने ते पान दुरून पाहिले तरी त्याला वरखाली होणाऱ्या त्या रेघांत लाट दिसेल. कान बंद करून पाहता येईल असा स्वर त्या पानावर उमटलेला असतो.

‘दैवत संहिता’ ही त्यांची योजनाही मला चित्रकाराचीच वाटते. सूक्ते ज्या क्रमाने परंपरेने आली तो क्रम बाजूस ठेवून एकेका देवतेचे मंत्र त्यांनी एकत्र मांडले. अग्नीचे सर्व मंत्र एके ठिकाणी, इंद्राचे एके ठिकाणी. परंपरेच्या अभिमान्यांना हे पसंत पडण्यासारखे नव्हते, आणि त्यांची शंका अगदीच निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. मंडलांच्या क्रमालाही स्वतःची लय आहे आणि ती या मांडणीत मोडते. पण एका देवतेची विशेषणे एकाखाली एक येऊ लागली की काय पुन:पुन्हा येते आणि काय एकदाच येते हे चटकन डोळ्यांत भरते. आवृत्ती समोर ठेवली म्हणजे पालट दिसतो, ही चित्रशाळेतील शिकवण आहे.

औंधातील तिसरी गोष्ट सूर्यनमस्कारांची. बाळासाहेबांनी नमस्कारांचा प्रसार हे व्रत मानले होते आणि पंडितजींनीही नमस्कार व आसने यांवर पुस्तके लिहिली. औंधच्या पद्धतीत नमस्काराच्या दहा अवस्था असतात. दहावी पहिलीसारखी, नववी दुसरीसारखी, आठवी तिसरीसारखी. शरीर ज्या वाटेने भूमीकडे जाते त्याच वाटेने परत येते, आणि मधे भूमीशी भेट होते. घनपाठातील एक-दोन-तीन, तीन-दोन-एक ज्याला ठाऊक आहे, त्याने पहाटे अंगणात नमस्कार घालणाऱ्या मुलांची रांग बाजूने पाहावी. बीजमंत्र ऐकू आले नाहीत तरी चालतील.

भारत स्वतंत्र झाल्यावर १९४८ मध्ये पंडितजींनी औंध सोडले आणि आज गुजरातेत असलेल्या पारडी येथे, वयाच्या ऐंशीनंतर, सर्व कार्य नव्याने मांडले. तेथील त्यांचे भाष्यलेखन, महाभारताचे प्रकाशन आणि संस्कृत परीक्षांचा विस्तार हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. भारत सरकारने १९६८ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले आणि त्याच वर्षी ३१ जुलै रोजी, शंभर वर्षे पूर्ण करून एकशे पहिल्या वर्षात, त्यांनी देह ठेवला. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर, जन्म लाहोर १९१५, हे नामांकित चित्रकार आणि महाराष्ट्राचे कलासंचालक झाले. सपाट रंग आणि वळणदार रेषा यांतून उभी राहणारी त्यांची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना वडिलांच्या घरात रेषेचा मान किती होता हे निराळे सांगावयास नको. माधवराव २००६ मध्ये निवर्तले.

आता मठातील एक गोष्ट सांगून थांबतो. उत्सवात आपल्या यज्ञमंडपात सर्वतोभद्र मंडल घालतात. भाविक त्यावर कलश पाहतात, नमस्कार करतात आणि पुढे सरकतात. एकोणीस उभ्या व एकोणीस आडव्या रेघांनी त्याची अठरा गुणिले अठरा, म्हणजे तीनशे चोवीस घरे पडतात. चार कोपऱ्यांत तीन-तीन घरांचे शुभ्र खंडेंदू, त्यांपासून आत उतरणाऱ्या पाच-पाच घरांच्या काळ्या शृंखला, अकरा-अकरा घरांच्या आठ हिरव्या वल्ली, नऊ-नऊ घरांची आठ तांबडी भद्रे, चोवीस-चोवीस घरांच्या चार पांढऱ्या वापी, वीस घरांचा पिवळा परिधी आणि मधल्या सोळा घरांत कमळ. बेरीज करून पाहावी, एक घर कमी-अधिक होत नाही. गेल्या उत्सवात हे मंडल भरण्याचे काम माझ्याकडे आले. वल्लीची अकरा घरे हिरव्या तांदळांनी भरताना माझ्या तोंडी नकळत त्रिष्टुभातील एक सूक्त आले आणि घरामागून घर त्या चालीवर भरत गेले. अकराला अकरा जुळले हा योगायोगच. पण हात थांबला नाही खरा.

त्याच वेळी शेजारी माझ्या वर्गातील एक बारा वर्षांचा मुलगा बसला होता. वल्ली संपवून पाहतो तो त्याने पाठाची वही उघडून समासात पेन्सिलीने मंडलाची घरे पाडली होती आणि प्रत्येक घरात घनपाठातील पदाचा आकडा लिहीत होता. दुसऱ्या ओळीत त्याचा एक आकडा चुकला होता. तेवढा मी त्याला दाखविला आणि वही परत त्याच्या हाती दिली.